किती देते?

आमच्याकडे गाडी ॲव्हरेज ‘देते’.
म्हैस देते तशी, धार काढल्यासारखी.
जयसिंगपूरला अण्णा लूनाचा हिशेब ठेवायचे
खडूने, दाराच्या आतल्या बाजूला.
ती साठ सांगून बावन्न द्यायची.

प्रॅट, कॅन्सस. इथे मी गव्हातला ओलावा मोजते
आणि व्हर्लिन हॉस्टेटलरची जुनी पिकअप चालवते:
आठ सिलिंडर, साडेसहा फुटी हौदा,
रंग एके काळी हिरवा.
‘किती देते?’ घेताना विचारलं होतं.
टोपी मागे सारून तो म्हणाला,
‘देत नाही. पिते.’

गॅलनला तेरा पॉइंट चार.
पहिल्याच महिन्यात पगाराला भोक.

मग एका रविवारी बाह्या सरसावल्या.
हौद्यात वाळूची चार पोती निघाली,
बर्फात मागची चाकं घसरू नयेत म्हणून टाकलेली,
कुठल्या हिवाळ्यातली कोण जाणे,
एकात गवत उगवलेलं.
पत्र्याची हत्यारपेटी उतरवली, दोघांनी, कण्हत.
टायर अठ्ठावीसवर होते, पस्तीस केले.
एअर फिल्टर झटकला तर शेरभर कोंडा.
फाळका पाडून चालवलं की वारा आरपार जातो
असं गावात सगळे सांगतात.
दोन टाक्या पाडून पाहिलं, दोन टाक्या लावून:
लावलेलाच बरा.
गावाला हे अजून पटलेलं नाही.

आणि पाय. गाडीतलं सगळ्यात जड सामान तेच.
पेडलखाली अंडं आहे असं समजायचं.
लाल दिवा लांबून दिसला की आधीच सोडून द्यायचं.
पंच्याहत्तरवरून बासष्टवर यायचं
आणि मागच्या ट्रेलरचा हॉर्न
ऐकून न ऐकल्यासारखा करायचा.

पंधरा. पंधरा पॉइंट नऊ.
दक्षिणेचा वारा सुटला की पुन्हा चौदा.
इथे वारा हिशेबात धरावा लागतो,
दुकानदार बारदान धरतो तसा.
सोळाच्या पुढे मात्र काही सरकेना.

तेव्हा कप्प्यातली वही काढली.
ती गाडीबरोबरच आली होती, जॅक आला तशी.
व्हर्लिनचं पेन्सिलीतलं अक्षर, एकोणीस वर्षं:
तेरा, साडेबारा, चौदा, तेरा,
कापणीच्या दिवसांत दहा.
आणि मध्येच, एका मार्चपासून पुढच्या जानेवारीपर्यंत,
अठरा. अठरा पॉइंट दोन. सतरा पॉइंट नऊ. अठरा.
फेब्रुवारीत एकदम साडेबारा.

वही घेऊन रस्ता ओलांडला.
‘या वर्षी काय केलं होतंस? तेल बदललंस? टायर?’
‘काही नाही.’
‘पोती काढली होतीस?’
‘होती की तिथेच.’
त्याने चष्मा शोधला, सापडल्यावरही लावला नाही.
‘लोरीन,’ म्हणाला.
‘दर मंगळवारी विचिटा. ऐंशी मैल जायचं, ऐंशी यायचं.
तिच्या हाडांना झटका सोसायचा नाही.
पन्नासच्या वर कधी नेली नाही.
ब्रेक असा लावायचो की तिला कळू नये, थांबलोय.’
बोटाने त्याने ती ओळ पुसल्यासारखी केली.
‘मी नुसते आकडे लिहायचो. बघत नव्हतो.’
थोड्या वेळाने: ‘पुढचे टायर छत्तीस करून बघ.’

मंगळवारी गव्हाचे नमुने घेऊन विचिटाला गेले.
शेजारच्या सीटवर काचेच्या बारा बरण्या, उघड्या खोक्यात.
पन्नासने.
लोक डावीकडून गेले, काहींनी हात केले, काहींनी बोट.
बरण्या एकमेकींना लागल्या नाहीत.

पंपावर भागाकार केला, त्याच्याच वहीत,
त्याच्या शेवटच्या ओळीखाली: १७.६

परवा व्हर्लिनने पान उलटून बघितलं,
माझे एक आणि सात त्याने आपल्या पद्धतीने वाचले,
आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.
‘शहाण्णव?
पोरी, टाकीत तू घालतेस तरी काय?’